छत्तीस टक्क्यांचे मालक

उपसाहेबांचं आजही ठाम म्हणणं आहे की या सगळ्या प्रकरणात त्यांची स्वतःची चूक एकच झाली, ती म्हणजे त्यांनी ते स्टूल बनवलं. बाकी जे काही झालं ते इतरांनी केलं, आणि इतरांत ते आपल्या बायकोला, जावयाला, तळमजल्यावरच्या वकिलांना आणि दातांच्या डॉक्टरांना धरतात. यातल्या एकालाही त्यांनी अजून मनापासून माफ केलेलं नाही.

उपसाहेब हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. उभी नोकरी त्यांनी एका विमा कचेरीत उपव्यवस्थापक म्हणून काढली. वरचे व्यवस्थापक येत होते आणि बदलून जात होते, त्यातला शेवटचा तर वयानं त्यांच्या मुलीएवढा होता, पण उपसाहेब होते तिथेच राहिले. कचेरीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पत्राखाली ते आधी 'करिता व्यवस्थापक' असं लिहीत आणि मग सही करीत. हाताला ती सवय इतकी बसली होती की मुलीच्या लग्नाच्या हॉलच्या पावतीवरसुद्धा त्यांनी 'करिता' लिहून सही ठोकली होती, आणि हॉलवाला बराच वेळ खऱ्या वधूपित्याची वाट पाहत थांबला होता.

घरी तरी काही वेगळं होतं असं नाही. त्यांची बायको, जिला सगळी इमारत वहिनी म्हणते, ती शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. म्हणजे घरात जे एकमेव 'मुख्य' होतं ते तिच्याकडे. फ्लॅटही तिच्याच नावावर, कारण कर्ज तिच्या पगारावर मिळालं होतं. निवृत्तीनंतर उपसाहेबांची इच्छा एवढीच उरली होती की जगात कुठेतरी, कशावर तरी, आपलं नाव सगळ्यात वर असावं. यात जगावेगळं काय आहे, असं ते विचारतात, आणि खरंच काही नाही.

तर स्टूल. वहिनींचे गुडघे दुखायला लागले होते. दाराशी बसून चपला घातल्या की त्यांना उठता येत नसे, आणि मग "अहो, हात द्या" अशी हाक येई. उपसाहेब पेपर अर्ध्यावर टाकून उठत, हात देत, आणि परत येईपर्यंत आपण कुठली बातमी वाचत होतो ते विसरलेले असत. म्हणून त्यांनी एक बेताच्या उंचीचं स्टूल आखलं. खाली चपलांचा कप्पा, बाजूला पायात बूट सरकवायची लांब पट्टी, आणि उजव्या हाताला धरून उठण्यासाठी एक लाकडी दांडा, किंचित पुढे कललेला. तो कल नेमका किती असावा हे ठरवण्यासाठी त्यांनी एका रविवारी बायकोला इतक्या उठाबशा काढायला लावल्या की ती म्हणाली, "गुडघे राहू द्या, आता माझं काय ते बघा." पण दांडा जमला. दुसऱ्या दिवसापासून हाक बंद झाली आणि पेपर सलग वाचून होऊ लागला.

इथेच थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण समोरच्या फ्लॅटमधल्या आजींनी तसलंच स्टूल मागितलं, मग आजींच्या बहिणीनं, मग बहिणीच्या शेजारणीनं. सुतारानं करून दिली, उपसाहेबांनी विकली, आणि रविवारी मुलगी आणि जावई आले.

जावई कुठल्यातरी अशा कंपनीत होता जिथे सगळे उभं राहून काम करतात. त्यानं स्टुलावर बसून पाहिलं, दांडा धरून उठून पाहिलं, आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही स्टूल विकू नका. कंपनी विका."

"कंपनी नाहीये माझी."

"म्हणूनच काढा. हे स्टार्टअप आहे, बाबा. तुम्ही फाउंडर आहात. संस्थापक."

संस्थापक हा शब्द उपसाहेबांच्या कानात शिरला तो बाहेर आलाच नाही. संस्थापकाच्या वर कोणी नसतो. त्यांनी त्याच आठवड्यात 'संस्थापक व अध्यक्ष' असं छापलेली व्हिजिटिंग कार्डं आणली. पाचशे. शंभर छापायला आणि पाचशे छापायला पैसे जवळजवळ सारखेच पडतात, असं छापखान्यानं सांगितलं, आणि अशा सांगण्याला बळी पडलेले ते पहिलेच नव्हेत.

कंपनीची नोंदणी करून देणाऱ्या सीए बाई एका झेरॉक्सच्या दुकानावर बसत. त्यांच्या टेबलावर पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून चार रिकामे ग्लास पालथे ठेवलेले असत, आणि त्या बोलता बोलता एक ग्लास उचलून दुसऱ्या गठ्ठ्यावर ठेवत. त्यांनी समजावून सांगितलं की कंपनीचे वाटे म्हणजे शेअर. आपण शंभर शेअर काढू, एकेक हजाराचा. म्हणजे भागभांडवल एक लाख. ज्याच्याकडे जितके शेअर, तितकी त्याची मालकी, आणि तितकीच त्याची मतं.

"शंभरच्या शंभर माझे," उपसाहेब म्हणाले.

"प्रायव्हेट लिमिटेडला कमीत कमी दोन माणसं लागतात."

"मग नव्व्याण्णव माझे. एक मिसेसच्या नावावर टाका. नावापुरता."

बाईंनी पुढचा कागद काढला. कंपनीला पत्ता लागतो. पत्त्याला विजेचं बिल लागतं. विजेचं बिल वहिनींच्या नावावर. म्हणजे घरमालकिणीचं ना हरकत पत्र लागणार. उपसाहेब म्हणाले, ती माझी बायको आहे. बाई म्हणाल्या, ते ठीक आहे, पण पत्र लागेल.

वहिनींनी ते पत्र स्वयंपाकघरात चष्मा लावून वाचलं, त्यातल्या दोन वाक्यांखाली रेघ मारली आणि विचारलं, "भाडं किती देणार?"

"घरच्या घरी भाडं?"

"मग तीस शेअर द्या. फुकट नकोत. माझ्या पेन्शनीतून तीस हजार भरते."

उपसाहेब इथे पहिल्यांदा दुखावले. तिनं फुकट मागितले असते तर त्यांनी ठणकावून नाही म्हटलं असतं. पैसे मोजून मागितल्यावर नाही कसं म्हणायचं? सत्तर आणि तीस, असं ठरलं. सत्तर म्हणजे तसं पाहिलं तर भरपूरच, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

अर्ज गेला आणि परत आला. 'अर्जदार कोणाकरिता सही करीत आहे याचा खुलासा करावा,' असा शेरा होता. उपसाहेबांनी कपाळावर हात मारला. सवयीनं ते अर्जावरही 'करिता' लिहून बसले होते. त्यांनी तिथल्या तिथे सविस्तर खुलासा लिहिला, की मी स्वतःच अर्जदार असून कोणाहीकरिता सही करीत नाही. खुलासाही परत आला, कारण त्याच्याखालीही 'करिता' लिहून सही होती. तिसऱ्या वेळी सीए बाईंनी त्यांचा दंड धरून सही करवून घेतली. भर दुकानात, झेरॉक्सवाल्याच्या देखत. हे त्यांना फार लागलं.

नोंदणी झाली, आणि इमारतीचे सेक्रेटरी दारात उभे राहिले. हे सेक्रेटरी म्हणजेच तळमजल्यावरचे वकील. सेक्रेटरी म्हणून ते आत आले नाहीत, चहाही नको म्हणाले. निवासी इमारतीत औद्योगिक वापर होतो आहे, पार्किंगमध्ये लाकडाचा भुसा सापडला आहे, सात दिवसांत खुलासा न दिल्यास कारवाई होईल, अशी नोटीस हातात देऊन ते खाली गेले. थोड्या वेळानं तेच पुन्हा वर आले, पण आता वकील म्हणून. आत येऊन सोफ्यावर बसले, चहा घेतला, नोटीस मागून घेऊन वाचली आणि मान हलवली.

"फार कडक नोटीस आहे," ते म्हणाले. "पण काळजी करू नका. याचं उत्तर मी लिहून देतो."

"तुम्हीच दिलीत की ती."

"ते पद वेगळं, साहेब. पदाचा आणि माणसाचा घोळ करू नका. फी राहू दे. तुम्ही नवीन कंपनी काढताय, पैशाची ओढ असणार. पंधरा शेअर द्या, कायमचा कायदेशीर सल्लागार होतो."

त्यांनी उत्तर लिहिलं, खाली नेलं, आणि सेक्रेटरी म्हणून त्या उत्तरानं आपलं पूर्ण समाधान झाल्याचं पत्र संध्याकाळी वर पाठवलं. उपसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण करता काय. पंधरा शेअर गेले.

जावयाला दहा गेले. त्याला 'स्वेट इक्विटी' म्हणतात, असं त्यानंच सांगितलं. पैसे न घालता मेहनत घालतो त्याला घामाबद्दल मिळणारा हा वाटा. जावयानं केलेली मेहनत म्हणजे त्यानं एसी लावून सोफ्यावर बसून मार्गदर्शन केलं. घाम आला होता तो उपसाहेबांना, कारण विजेचं बिल त्यांना दिसत होतं. पण जावयाला उलटं बोलायचं कसं? मुलगी शेजारीच बसली होती.

आता एक गोष्ट सांगायला हवी. हे तेच गृहस्थ होते जे कचेरीत हिशोबात काही पैसे कमी पडले तर दिवे जाईपर्यंत बेरजा करत बसायचे. पण स्वतःचे शेअर वाटताना त्यांनी एकदाही खाली रेघ मारून उरलेले किती ते पाहिलं नाही. दरवेळी त्यांच्या मनात सत्तरच होते. संस्थापक माणूस वजाबाकी करत बसतो का, असं त्यांना वाटत असावं.

नंतर दातांचे डॉक्टर आले. म्हणजे ते आले नाहीत, उपसाहेबच त्यांच्याकडे गेले, कारण दाढ दुखत होती, आणि जावई म्हणाला होता की आता भांडवल उभं करायला हवं आणि डॉक्टरांकडे पैसा पडून असतो. उपसाहेब दाढ आणि स्टूल दोन्ही घेऊन गेले. डॉक्टर अंगानं चांगले भरलेले होते. ते स्टुलावर बसले, दांडा धरून उठले आणि म्हणाले, "वा." मग त्यांनी उपसाहेबांना खुर्चीत आडवं केलं, सुई टोचली, दोन्ही गालांत कापूस कोंबला, आणि व्यवहाराचं बोलायला सुरुवात केली.

"कंपनीचं व्हॅल्युएशन आपण दहा लाख धरू."

उपसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं सुईमुळे, पण बरंचसं आकड्यामुळे. तीन स्टुलं विकलेल्या माणसाची कंपनी दहा लाखांची.

"मी दोन लाख घालतो."

"आँ."

"दहातले दोन, म्हणजे वीस टक्के माझे."

इथे उपसाहेबांच्या डोक्यात लाल दिवा लागला. कंपनी आज दहाची. त्यात दोन पडले की झाली बाराची. बारातले दोन म्हणजे वीस टक्के कसे होतील? सोळा आणि वर काहीतरी होतात. त्यांनी हे सांगण्यासाठी बोट वर केलं. डॉक्टरांना वाटलं दुखतंय. त्यांनी आणखी एक सुई दिली. आता जीभही गेली.

"ठरलं ना मग?"

"आँ," उपसाहेब म्हणाले, म्हणजे नाही.

"छान," डॉक्टर म्हणाले. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मदतनीस बाईंनीही ऐकलं आणि मान डोलावली.

दहा लाखांची बातमी इमारतीत पसरायला लिफ्टची गरज लागली नाही. समोरच्या आजींनी अभिनंदन करून स्टुलाचे अर्धे पैसे परत मागितले, आता तुम्हाला कशाला लागतात म्हणून. एका चुलतभावाचा इतक्या वर्षांनी फोन आला आणि तो बराच वेळ प्रकृतीची चौकशी करत राहिला, तेव्हाच उपसाहेबांना अंदाज आला. सेक्रेटरींनी इमारतीच्या रंगकामासाठी त्यांच्या नावापुढे सगळ्यांच्या दुप्पट वर्गणी लिहिली. आणि वहिनी म्हणाल्या, "दहा लाख आलेत तर आधी गीझर दुरुस्त करून घ्या."

"आलेले नाहीत ते."

"मग कुठे आहेत?"

हे उपसाहेबांनाही नीट माहीत नव्हतं. त्यांनी जावयाला फोन केला. जावई म्हणाला, व्हॅल्युएशन म्हणजे पैसे नव्हेत बाबा, ती किंमत आहे. कोणीतरी तुमचा थोडा वाटा ज्या भावानं घेतो, त्या भावानं सगळ्या कंपनीची होणारी किंमत. तुमच्या वाट्याची आज कागदावर किंमत तीन लाख साठ हजार आहे.

"त्यात गीझर येईल का?"

"नाही, बाबा. कोणी तुमचे शेअर विकत घेतले तर येईल."

"कोण घेईल?"

"सध्या कोणी नाही."

उपसाहेबांनी फोन ठेवला आणि गीझरवाल्याचे पैसे पेन्शनमधून दिले. बादलीभर गरम पाण्याची ऐपत नसलेला लखपती, असा त्यांनी स्वतःचा उल्लेख त्या दिवशी घरात बऱ्याचदा केला. कोणी दाद दिली नाही. पण तीन लाख साठ हजार हा आकडा त्यांच्या डोक्यात रुतून बसला. दहातले सत्तर टक्के म्हणजे सात व्हायला हवेत. तीन साठ कुठून आले? ते कार्डांचा खोका बगलेत मारून सीए बाईंकडे गेले. डॉक्टर चेक घेऊन आधीच तिथे बसले होते, आणि वकीलही होते, कायमचे सल्लागार म्हणून.

सीए बाईंनी एक ग्लास उचलून बाजूला ठेवला. "समजा पातेल्यात शंभर कप चहा आहे. त्यातले पंचेचाळीस कप तुमचे—"

"पंचेचाळीस? सत्तर."

"सत्तरातले पंधरा वकीलसाहेबांना दिलेत, दहा जावयांना. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त चहा डॉक्टर यायच्या आधीच गेला होता." उपसाहेबांनी वकिलांकडे पाहिलं. वकील छताकडे पाहत होते. "आता डॉक्टरांनी दूध-साखर आणली, पंचवीस कप वाढले. तुमचे पंचेचाळीस कप कोणी हलवले नाहीत. पण सव्वाशेतले पंचेचाळीस म्हणजे छत्तीस टक्के. याला डायल्यूशन म्हणतात."

"पण पातेलं तर माझं होतं."

"पातेलं कंपनीचं आहे, काका."

मग उपसाहेबांनी दहाचा वाद काढला. दहा लाख ही पैसे पडायच्या आधीची किंमत होती, म्हणजे डॉक्टरांना वीसच शेअर, एकशेवीसातले. डॉक्टर म्हणाले, दहा ही माझे दोन धरूनची किंमत, आधीची आठच, म्हणजे पंचवीस शेअर, सव्वाशेतले. बाई म्हणाल्या, पहिल्याला प्री-मनी म्हणतात आणि दुसऱ्याला पोस्ट-मनी, दोन्ही बरोबर आहे, पण कुठलं ते आधी बोलून घ्यायचं असतं.

"मी बोलत होतो," उपसाहेब म्हणाले. "यांनी तोंडात कापूस घातला होता."

"तुम्ही हो म्हणालात," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "साक्षीदार आहे." वकिलांनी कायद्याचा कौल दिला की तोंडी संमती ही संमतीच असते, आणि तोंडात काय होतं हा तपशिलाचा भाग झाला. उपसाहेब अजूनही लढले असते. पण दाढेत तात्पुरतं सिमेंट होतं आणि पक्कं सिमेंट पुढच्या भेटीत बसायचं होतं. अर्धी दाढ समोरच्या पक्षाच्या ताब्यात असताना माणूस किती ताणणार?

एकाच कलमावर ते हटून बसले. डॉक्टरांच्या कागदात लिहिलं होतं की संस्थापकाचे शेअर चार वर्षांत टप्प्याटप्प्यानं त्याचे होतील. त्याला वेस्टिंग म्हणतात.

"माझेच शेअर मला हप्त्यानं?"

"तुम्ही मध्येच सोडून गेलात तर?"

"कुठे जाणार मी? कंपनी माझ्याच दाराशी आहे. आणि या वयात सोडून जाणं एकाच प्रकारचं असतं, त्यासाठी माझ्याकडून लेखी कशाला घेता?" सीए बाईंनी ते कलम खोडलं. उपसाहेबांच्या आयुष्यातला तो मोठा विजय होता, आणि त्या विजयाच्या भरात त्यांनी बाकीच्या सगळ्या पानांवर सह्या केल्या.

डॉक्टरांचे दोन लाख आले आणि सुतारानं कामाला वेग दिला. सुताराला उपसाहेब शेअर देऊ पाहत होते, पण त्यानं रोख पैसे मागितले. आणि मग डॉक्टरांनी भागधारकांची सभा बोलावली. विषय एकच, दांडा काढून टाकणे. दांड्यामुळे लाकूड जास्त लागतं, दांड्यामुळे स्टूल खोक्यात मावत नाही, कुरिअरवाला जास्त पैसे घेतो. नुसतं स्टूल केलं तर गावोगाव पाठवता येईल. जावई म्हणाला, स्केल करायचं, म्हणजे धंदा मोठा करायचा, तर हेच बरोबर आहे, बाबा, यात पर्सनल काही नाही. उपसाहेबांचा संताप अनावर झाला. दांडा काढला की उरतं काय? खोकं. खोकं तर कोणीही बनवेल. त्यांनी मेहनत घेतली होती ती दांड्यासाठी. त्या कलण्यासाठी.

सभा घरीच झाली. सोफ्यावर माल रचलेला होता, म्हणून डॉक्टरांनी नमुन्याला करून आणलेल्या बिनदांड्याच्या स्टुलांवर सगळे बसले. वहिनी तेवढ्या दाराजवळच्या आपल्या नेहमीच्या स्टुलावर. उपसाहेबांनी भाषण केलं. ते चांगलं झालं असं त्यांचं म्हणणं आहे, पण डॉक्टर मध्येच घड्याळ पाहत होते.

"मत कसं घ्यायचं?" वकिलांनी विचारलं.

"ज्यांना दांडा नको त्यांनी उभं राहावं," वहिनी म्हणाल्या. शाळेत त्या अशाच मतं घेत असत.

जावई टुणकन उठला. डॉक्टरांनी गुडघ्यांवर हात ठेवले, अर्धे उठले, परत बसले, आणि दुसऱ्या वेळी जावयाच्या खांद्याला लटकून उभे राहिले. वकिलांनी पुढे झोक घेतला, मागे आले, पुन्हा घेतला. त्यांचा उजवा हात हवेत काहीतरी शोधत होता. शेवटी ते धापा टाकत म्हणाले, "माझं मत बसूनच धरावं."

"बसून," वहिनी म्हणाल्या. "धरलं."

डॉक्टर पंचवीस, वकील पंधरा, जावई दहा. पन्नास. उपसाहेब एकटे, पंचेचाळीस. डॉक्टरांना वीसच शेअर मिळाले असते तर इथे बरोबरी झाली असती, हे उपसाहेब अजून भेटेल त्याला सांगतात. आता सगळं वहिनींच्या तिसावर होतं. त्या आपल्या बाजूनं मत देतीलच अशी उपसाहेबांना खात्री नव्हती. संसारात मतदानाची वेळ कधी आलीच नव्हती.

"मी रोज या दांड्याला धरून उठते," वहिनी म्हणाल्या. "डॉक्टर, तुमचं स्टूल स्वस्त आहे, पण त्यावर बसलेला माणूस तिथेच राहतो. वकीलसाहेबांना आता कोणीतरी उठवा. माझी तीस मतं दांड्याला."

उपसाहेबांना भरून आलं. ते आभार मानायला उठत होते, तोच वहिनी म्हणाल्या, "दुसरा विषय. अध्यक्ष कोण असावं?"

"तो विषय कुठे होता?" उपसाहेब म्हणाले.

"आता आहे. यांच्याकडे सत्तर होते, पंचेचाळीस राहिले. चहाला येईल त्याच्या हातावर शेअर ठेवत गेले. अजून दोन पाहुणे आले असते तर आज माझा दांडा गेला होता. इथून पुढे वाटायचं काही असेल तर मला विचारून. अध्यक्ष आता मी होते. या वेळी हात वर केले तरी चालतील."

तिघांचेही हात वर गेले, वकिलांचे तर दोन्ही. ऐंशी विरुद्ध पंचेचाळीस. मग डॉक्टरांनी, वातावरण गोड व्हावं म्हणून, उपसाहेबांना उपाध्यक्ष करावं अशी सूचना मांडली. ती टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली.

उपसाहेब त्या दिवशी जेवले नाहीत असं ते सांगतात. वहिनी सांगतात की जेवले, पण रागानं जेवले. पाचशे कार्डांचा खोका त्यांनी पलंगाखाली सारला. राग होताच, पण रागाच्या खाली त्यांना खूप वाईट वाटत होतं, कारण वहिनींचं म्हणणं खरं होतं आणि ते त्यांना कबूल करायचं नव्हतं. आयुष्यात एकदाच वर जायची संधी आली होती, आणि तीही त्यांनी चहाबरोबर वाटून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी बँकेत कंपनीच्या खात्यावर नव्या सह्या द्यायच्या होत्या. वहिनी दाराशी स्टुलावर बसून चपला घालत होत्या. उपसाहेब जुन्या सवयीनं पुढे झाले आणि त्यांनी हात पुढे केला. वहिनींनी दांडा धरला, उठल्या आणि म्हणाल्या, "चला." उपसाहेबांचा हात तसाच राहिला. तो त्यांनी खिशात घातला.

बँकेतल्या कारकुनानं कागद उपसाहेबांसमोर सरकवला. "अध्यक्षांनी वर सही करायची."

कारकुनाला काय माहीत? उपसाहेबांनी क्षणभर कागदाकडे पाहिलं. मग त्यांनी कागद उचलून बायकोपुढे ठेवला. "ह्या अध्यक्ष आहेत," ते म्हणाले, आणि आवाजातला राग त्यांनी लपवला नाही.

वहिनींनी सही केली. मुलीच्या प्रगतिपुस्तकावर करायच्या तशीच, बारीक आणि तिरकी. कागद परत आला. खालची जागा त्यांची होती. उपसाहेबांनी पेन टेकवलं ते बरोबर डावीकडे, जिथे उभ्या आयुष्यात त्यांनी 'करिता' लिहिलं होतं. पेन थांबलं. तिथे शाईचा एक ठिपका पडला. वरची सही या वेळी कुणा बदलून जाणाऱ्या माणसाची नव्हती, आणि खालची कोणाकरिता नव्हती. त्यांनी पेन उचलून उजवीकडे नेलं आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं, इतकं दाबून की टेबल करकरलं.

"हळू, साहेब," कारकून म्हणाला. "खालचे कागद फाटतील."

"फाटू देत," उपसाहेब म्हणाले. "छत्तीस टक्के माझे आहेत."